स्त्री-आरोग्याच्या संशोधनात प्रश्न कोणी ठरवायचे?

मृण्मयी_के

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या एथिक्स कमिटीवर (माणसांवरचं संशोधन नीतीला धरून आहे का हे तपासणारी समिती) मी ले मेंबर, म्हणजे सामान्य लोकांतून घेतलेली सदस्य आहे. आयुष्यभर बँकेत नोकरी केली, वैद्यकशास्त्राशी काडीचा संबंध नाही, आणि या जागेसाठी तीच अट असते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ले मेंबर लिहिता-वाचता येणारा, समाजातला माणूस हवा आणि त्याने मागच्या पाच वर्षांत आरोग्यक्षेत्रात काम केलेलं नसावं. डॉक्टर, वकील, समाजशास्त्रज्ञ यांच्यासोबत बसून आम्ही प्रस्ताव वाचतो आणि सहभागी होणाऱ्या माणसाच्या बाजूने प्रश्न विचारतो.

बायकांच्या आरोग्यावरचे प्रस्ताव बरेच येतात. रक्तक्षय, पीसीओएस, गर्भाशयमुखाचा कर्करोग, गरोदरपणातला मधुमेह. एक गोष्ट मला सतत टोचते. प्रस्ताव आमच्यासमोर येतो तेव्हा प्रश्न ठरलेला असतो, प्रश्नावली तयार असते, पैसे मंजूर झालेले असतात. आम्ही फार तर संमतीपत्रातली चार वाक्यं सोपी करून घेऊ शकतो. जिच्या शरीराबद्दल हे सगळं चाललंय तिला तोवर कोणी काही विचारलेलंच नसतं. ती चित्रात येते ती थेट सही किंवा अंगठ्यापुरती.

माझं म्हणणं असं की बायकांना सुरुवातीलाच बोलवा, प्रश्न ठरवायला. नेमका कशाचा त्रास होतो, कोणत्या वेळी येणं जमेल, काय विचारलं तर खरं उत्तर मिळेल, हे त्या सांगतील. हे परदेशातलं खूळ नाही, आपल्या महाराष्ट्रातच त्याची उदाहरणं आहेत.

सगळ्यांत मोठं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या काळात ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे सरकारी हिशेबात दोनच गोष्टी, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. गरोदर नसलेली, ऑपरेशन न झालेली बाई कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. बंगांच्या चमूने गावात बायकांशी बोलून, त्यांना विश्वासात घेऊन दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि दर बाईमागे सरासरी ३.६ आजार. याआधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका फक्त ८ टक्के.

तुमच्यापैकी कोणी अशा कामात असेल, स्वयंसेवक म्हणून, संशोधक म्हणून किंवा जिच्यावर संशोधन झालं ती बाई म्हणून, तर जरूर लिहा. मला शिकायचं आहे.

केतकी२७

९२ टक्के? परत परत वाचलं. यातल्या किती जणी स्वतःहून तक्रार सांगत होत्या?

मृण्मयी_के

केतकी, ५५ टक्के. बाकीच्या ४५ टक्क्यांनी काही त्रास नाही असं सांगितलं होतं. म्हणजे "त्रास होतो का?" एवढंच विचारून घरी परतलो असतो तर निम्मं दुखणं निसटलं असतं. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं हे बाईच्या जातीला असतंच, असं धरूनच बायका जगत होत्या. आणि सापडलेल्या आजारांत अर्धा वाटा जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा होता, म्हणजे पुष्कळसे औषधाने बरे होण्यासारखे.

वैनगंगाकाठ

माझं माहेर गडचिरोली जिल्ह्यातलं, म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही. १९८९ च्या अभ्यासाबद्दल बरेच जण लिहितात. त्याच मातीतला दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात माहिती गोळा करणाऱ्याही गावातल्याच बायका होत्या.

त्या काळी आमच्याकडे बाळंतपणं घरीच व्हायची. दवाखान्याच्या नोंदीत फक्त दवाखान्यात पोचलेली बाई. जी घरात, अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाताखाली बाळंत झाली आणि नंतर तापाने फणफणली तिची नोंद कोण ठेवणार? 'सर्च'ने ३९ गावांत गावच्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. त्या प्रसूतीच्या वेळी घरी हजर राहायच्या आणि पुढचे २८ दिवस घरी जाऊन बघायच्या. याच आरोग्यदूतांचं नवजात बाळांचं काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि जगभर गाजलं. पण त्यांनी बाळांसोबत आयांच्याही नोंदी ठेवल्या. १९९५-९६ मधल्या ७७२ बाळंतिणींच्या नोंदींवरून दिसलं की ५२.६ टक्के बायकांना प्रसूतीच्या वेळी किंवा नंतर काही ना काही आजारपण आलं.

त्यातही बघा, प्रसूतीच्या वेळचा त्रास १७.७ टक्के आणि नंतरच्या दिवसांतला ४२.९ टक्के. बाळ सुखरूप जन्मलं की घर बाळाभोवती गोळा होतं आणि बाळंतीण कोपऱ्यात शेकत पडून राहते. खरी दुखणी त्याच दिवसांतली. बाहेरून आलेला सर्व्हेवाला एकदा येऊन "बाळंतपण कसं झालं?" विचारून गेला असता तर "बरं झालं" हेच ऐकून गेला असता. गावातली बाई पुन्हा पुन्हा जाते. तिला ताप हाताला लागतो, वासावरून कळतं, सासू बाहेर गेली की बाळंतीण तिच्याशी बोलते. हे ज्ञान संशोधनाला बाहेरून विकत आणता येत नाही.

दवाखाना कसा असावा हेसुद्धा बंगांनी लोकांना विचारलं होतं. आदिवासी बायाबापड्यांना मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटायची, शिवाय नातेवाइकांना बाहेर ठेवतात ही मोठी तक्रार. म्हणून शोधग्रामचा ('सर्च'चं आवार) दवाखाना झोपड्यांसारखा झाला, घरचं माणूस सोबत राहील असा, आणि त्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं.

डॉ_निशिगंधा

मृण्मयीताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी सामाजिक वैद्यकशास्त्रात काम करते, त्यामुळे संशोधकांच्या बाजूने थोडं लिहिते. माझी बाजू अगदीच निर्दोष आहे असं मात्र नाही.

बार्शीचं नाव इथे यायलाच हवं. तिथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे आणि १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिथल्या आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेसोबत तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात प्रचंड मोठा अभ्यास केला. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका. त्यांचे चार गट: एकात एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्याच्यामुळे होतो तो विषाणू) चाचणी, एकात पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी), एकात ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथा कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला, तपासणी न झालेला गट. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये निकाल आला. एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, कंट्रोल ग्रुपमध्ये ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतात, हे जगाला मराठवाड्यातल्या बायकांमुळे कळलं. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीचा आग्रह धरते त्यामागे जे पुरावे आहेत त्यांत या बायकांचा मोठा वाटा आहे. आमच्या अभ्यासक्रमात हा पेपर शिकवतात, पण त्या गावांत जाऊन किती जणींना माहीत असेल की त्यांच्यामुळे एवढं घडलं?

आता दुसरी बाजू. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून असाच अभ्यास केला, सुमारे दीड लाख बायकांचा. वस्तीपातळीवरच्या, डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन तपासणी करवली आणि बारा वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही अभ्यासांवर जोरदार टीका झाली ती कंट्रोल ग्रुपवरून. तपासणीने जीव वाचतो हे इतर देशांत माहीत असताना हजारो बायकांना वर्षानुवर्षं बिनतपासणीचं का ठेवलं? संशोधकांचं उत्तर असं की भारतात तेव्हा सरकारी तपासणी कार्यक्रमच नव्हता, त्यामुळे कंट्रोल ग्रुपला तेच मिळालं जे देशातल्या बाकीच्या बायकांना मिळत होतं.

दोन्ही युक्तिवाद मी विद्यार्थ्यांसमोर मांडते. माझं स्वतःचं मत आता असं झालंय की हा निर्णय फक्त डॉक्टर आणि टीकाकार यांनी आपसात लढून ठरवायचा नव्हता. त्या गावांतल्या पाच-पन्नास बायकांसमोर चारही गट मांडून, चौथ्या गटाला काय मिळणार नाही हे स्पष्ट सांगून, त्यांचं म्हणणं आधी घ्यायला हवं होतं. कदाचित त्या म्हणाल्या असत्या, चौथ्या गटाची तपासणी दोन वर्षांनी करा, पण करा. तोही रीतसर अभ्यासच झाला असता.

आशा_सातारा

मी आशा आहे. गेली बरीच वर्षं. मोबाइलवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

सगळे जण सहभाग-सहभाग म्हणताहेत म्हणून सांगते. २००५ मध्ये योजना आली तेव्हापासून कागदावर आम्ही स्वयंसेविकाच आहोत. पगार नाही, मोबदला. कोणत्याही संस्थेला गावात सर्व्हे करायचा झाला की पहिला फोन आशाला. "ताई, जरा चाळीस घरं दाखवा." आम्ही घरं दाखवतो, आमच्या शब्दावर बायका दार उघडतात, आत बसवतात, पाळीचं, गर्भपाताचं, नवऱ्याच्या मारहाणीचं सांगतात. एका संस्थेने आमच्या गावात सुनांचं रक्त तपासायला नेलं. अहवाल देतो म्हणाले. पुढचं वर्ष उजाडलं तरी कोणी आलं नाही. गाडी निघून गेली आणि विहिरीवर, रेशनच्या रांगेत बायका मला विचारायच्या, "आशाताई, आमचं रक्त कुठं गेलं?"

त्यातल्या एकीचं हिमोग्लोबिन फारच कमी होतं हे मला नंतर आमच्या पीएचसीतल्या तपासणीत कळलं. त्या संस्थेकडे तो आकडा आधीपासून होता. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये होता, तिच्या हातात नव्हता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या दिवशी रक्त घ्याल त्याच दिवशी सांगून जा, निकाल कधी आणि कोण देणार. आणि जिच्या ओळखीवर तुम्ही घरात शिरता तिला कामाचे पैसे द्या, आधी ठरवून.

केतकी२७

आशाताई, हे वाचून गलबलून आलं. तुमचं "तिच्या हातात नव्हता" हे वाक्य प्रत्येक संशोधकाने वाचायला हवं.

डॉ_निशिगंधा

आशाताई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. गंभीर निकाल सापडला तर तो त्या व्यक्तीपर्यंत पोचवणं आणि पुढच्या उपचारांची सोय सांगणं हे संशोधकाचं कर्तव्यच आहे. संस्थेच्या प्रस्तावात हे लिहिलेलं असतं. गावात कोणी तपासायला जात नाही, अडचण तिथे आहे. तुमच्यासारखी एखादी ताई समितीवर असेल तर तपासलं जाईल.

बालाघाटचा_वारा

आमच्या बीडकडचं लिहितो. मी पुरुष आहे, पण माझी आई आणि दोन्ही मावश्या ऊसतोडीला जायच्या, त्यामुळे हा विषय घरचाच.

२०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या बातम्या देशभर गाजल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय आरोग्य पाहणीत (२०१५-१६) देशाचं प्रमाण १५ ते ४९ वयोगटात ३.२ टक्के होतं. वयोगट अगदी तंतोतंत जुळत नसतील, पण फरक केवढा आहे ते दिसतंच.

आता धाग्याच्या विषयावर येतो. बाहेरून बघणाऱ्याने प्रश्न कसा मांडला? खासगी डॉक्टर पैशासाठी पिशव्या काढतात. ते आहेच, आणि खासगी दवाखान्यांना आता जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते हे चांगलं झालं. पण आमच्या आया-मावश्यांना विचारलं असतं तर त्या फडापासून सुरुवात करतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला की दंड, त्या वेळी पाचशे रुपये सांगायचे. पाळीच्या दिवसांत संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पहाटे मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या. कापड बदलायला जागा नाही, त्यातून जंतुसंसर्ग, त्यातून ओटीपोटाचं दुखणं, मग दर हंगामात दवाखान्याचा खर्च. अशात डॉक्टर म्हणाला की पिशवी काढून टाक, कटकट मिटेल, नाहीतर कॅन्सर होईल, तर बाई तयार होते. तिशीच्या आतसुद्धा.

बायकांनी प्रश्न ठरवला तर तो असा होईल: फडावर पाणी आणि आडोसा दिला, खाड्याचा दंड बंद केला, तर पिशवी काढण्याचं प्रमाण किती कमी होईल? हा अभ्यास ऑपरेशन थिएटरच्या नोंदी चाळून होणारच नाही. महिला किसान अधिकार मंचाच्या कार्यकर्त्यांनी ऊसतोड बायकांमध्ये बसून हेच मांडलं, कामाच्या जागेपासून सुरुवात करा म्हणून.

आणि पिशवी काढलेल्या बाईचं पुढे काय, अंगदुखी, हाडं, अंगातून निघणाऱ्या वाफा, यावर पुढची दहा वर्षं लक्ष कोण ठेवणार? माझी मावशी आज पन्नाशीची आहे आणि सत्तरीची दिसते. तिला कोणी विचारलं तर ती चार तास बोलेल.

मृण्मयी_के

तुमचा प्रतिसाद मी आमच्या कमिटीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना वाचायला पाठवतेय. खाड्याचा दंड आणि गर्भाशय यांचा संबंध प्रयोगशाळेत बसून कोणालाही सुचला नसता.

टेम्सवरून

इकडे ब्रिटनमध्ये काय चालतं ते थोडक्यात सांगते. मी एका रुग्णालयाच्या संशोधन विभागात 'पब्लिक काँट्रिब्यूटर' आहे, म्हणजे रुग्णांच्या बाजूने बोलणारी. सरकारी निधी देणारी एनआयएचआर ही संस्था अर्जातच विचारते की रुग्णांना आणि लोकांना कसं सामील केलं, आणि तो भाग कच्चा असेल तर अर्जाची पत घसरते. बैठकीच्या वेळेचा मोबदला मिळतो, प्रवासखर्च मिळतो.

बायकांच्या आरोग्यात याचा मला सर्वांत पटलेला नमुना एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार). जेम्स लिंड अलायन्स नावाची व्यवस्था आहे. तिच्यातर्फे रुग्ण बायका आणि डॉक्टर यांना बरोबरीने बसवून विचारलं की कोणत्या प्रश्नांची उत्तरं अजून मिळालेली नाहीत. आधी सर्व्हे, मग छाननी, मग समोरासमोर बसून क्रम लावायचा. २०१७ मध्ये पहिले दहा प्रश्न 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. सगळ्यांत वर होतं, हा आजार मुळापासून बरा करता येईल का? खालोखाल आजाराचं कारण, मग निदानाचे प्रश्न. बायकांना वर्षानुवर्षं "पाळीत दुखतंच" म्हणून परत पाठवलेलं असतं, त्यामुळे निदानाला लागणारा वेळ हा त्यांच्या दृष्टीने फार मोठा प्रश्न. २०२१ मध्ये इंग्लंडच्या सरकारने स्त्री-आरोग्य धोरणासाठी लोकांकडून अनुभव मागवले तेव्हा जवळजवळ एक लाख प्रतिसाद आले.

इकडचीही दुखरी बाजू सांगते. बैठकीत येणाऱ्या बहुतेक जणी गोऱ्या, शिकलेल्या, निवृत्त. आपल्या दक्षिण आशियाई बायका फार कमी. माझ्या ओळखीतल्या गुजराती, पंजाबी, मराठी बायकांना मी मागे लागून घेऊन जाते.

तर्कनिष्ठ

चर्चा चांगली आहे, पण एक काळजी मांडतो. विज्ञान बहुमताने चालत नाही. बायकांनी प्रश्न ठरवले, बायकांनी नोंदी ठेवल्या, तर त्यांना हवा तोच निकाल येण्याचा धोका नाही का? आरोग्यदूताला वाटणारच की आपल्या गावात सुधारणा दिसावी. आणि जीवशास्त्राचे मूलभूत प्रश्न, ज्यांचा उपयोग वीस वर्षांनी होईल, ते सामान्य माणसाला कधीच सुचणार नाहीत. त्यांना पैसा कमी पडेल.

डॉ_निशिगंधा

तर्कनिष्ठ, प्रश्न रास्त आहे. प्रश्न निवडणं आणि निकाल काढणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. निवडताना लोकांचं ऐकायचं. निकाल काढताना मात्र चिठ्ठ्या टाकून गट पाडणं, नोंदींची स्वतंत्र तपासणी, आधीच जाहीर केलेली मोजमापं, हे सगळे नियम तसेच राहतात.

मुंबईचा 'सरस' प्रकल्प घ्या. वस्तीतल्या ६,५१३ बायकांना गर्भ राहायच्या आधीपासून रोज एक खाऊ द्यायचा, एका गटाला पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. गोळी नव्हती. बायका रोज खातील असा, नाश्त्याच्या पदार्थासारखा खाऊ होता आणि तो केंद्रावर येऊन समोर खायचा. चव जमली नसती तर महिन्याभरात सगळं बंद पडलं असतं. एवढी वर्षं बायका आल्या, खाल्लं. तरी मुख्य निकाल काय आला? बाळांच्या जन्मवजनात एकूण गटात ठोस फरक नाही. तेच छापलं, २०१४ मध्ये. ज्यांनी गर्भ राहायच्या किमान तीन महिने आधी सुरू केलं त्यांच्यात थोडा फरक दिसला, आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण मात्र दुसऱ्या गटात १२.४ टक्के, तर पालेभाजी-फळं-दूधवाल्या गटात ७.३ टक्के निघालं. लोकांचा सहभाग होता म्हणून कोणी आकडे वाकवले नाहीत.

मूलभूत संशोधनाबद्दल तुमचं म्हणणं मान्य, त्याला स्वतंत्र निधी हवाच. पण इतिहासही बघा. अमेरिकेत १९७७ मध्ये औषध नियामकाने नियमच केला होता की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घ्यायचं नाही. तो १९९३ मध्ये मागे घेतला. औषधं बायका घेतच होत्या, मात्रा ठरत होती पुरुषांवरून. हे ठरवणारे सगळे शास्त्रज्ञच होते, आणि नियम बदलायला बायकांच्या चळवळींना भांडावं लागलं.

तर्कनिष्ठ

'सरस'चं माहीत नव्हतं. मुख्य निकाल नकारात्मक आला तो तसाच छापला, हे पटलं. निवड आणि निष्कर्ष वेगळे ठेवले तर माझी हरकत नाही.

सई_नाशिक

मला एक विचारायचंय. लसीच्या चाचण्यांबद्दल आमच्या सोसायटीत फार गैरसमज आहेत. "आंध्रात मुलींवर प्रयोग केले" असं सांगतात. ते काय होतं?

मृण्मयी_के

सई, २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातला खम्मम आणि गुजरातमधला वडोदरा या जिल्ह्यांत हजारो मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला होता. काही मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचं दिसलं नाही. पण संमतीच्या बाबतीत गंभीर त्रुटी सापडल्या. वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या फॉर्मवर आईबापांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले.

लस चांगली आहे, माझ्या भाचीने घेतलीय. पण त्या वस्त्यांतल्या चार आयांना आधी बसवून विचारलं असतं, तर "आमची सही आमच्याकडून घ्या" हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. संमतीतल्या त्या चुकीमुळे आजही लोक लसीवरच अविश्वास दाखवतात.

केतकी२७

मृण्मयीताई, तुम्ही कमिटीत नेमकं काय करता ते जरा सविस्तर लिहाल का? "बाजूने प्रश्न विचारतो" म्हणजे कसं?

मृण्मयी_के

सांगते. गोपनीयतेमुळे अभ्यासाचं नाव-गाव देणार नाही.

एका प्रस्तावात बायकांना तीन वेळा तपासणीला यायचं होतं आणि बुडालेल्या मजुरीचे व प्रवासाचे पैसे बँकेत जमा होणार होते. वाचायला उत्तम, पारदर्शक. फॉर्मवर 'कुटुंबाचा खाते क्रमांक' असा रकाना होता. बँकेत इतकी वर्षं काढल्यावर मला माहीत आहे की कुटुंबाचं खातं म्हणजे बहुतेक वेळा कोणाचं असतं. मी विचारलं, मजुरी हिची बुडणार, अंतर्गत तपासणी हिची होणार आणि पैसे त्याच्या खात्यात? डॉक्टर मंडळींच्या लक्षातच आलं नव्हतं. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. रकाना बदलला, आणि जिचं स्वतःचं खातं नाही तिला त्याच दिवशी पावती घेऊन रोख द्यायचं ठरलं.

त्याच प्रस्तावात 'तपासणीचा निकाल मोबाइलवर कळवला जाईल' असंही होतं. कोणाच्या मोबाइलवर? तो नवऱ्याच्या खिशात किंवा मुलाच्या हातात असतो. गुप्तरोगाचा निकाल मुलाने उचललेल्या फोनवर सांगणार का? म्हणून संशोधकांना वस्तीतल्या काही बायकांसोबत बैठक घ्यायला लावली. मी हजर होते. त्या बायकांनीच तोडगा काढला: फोन आला तर फक्त "पुढची तारीख द्यायची आहे" एवढंच सांगायचं, निकाल समोर बसवून द्यायचा, आणि तारीख कधीच पंधरवड्याच्या पगाराच्या दिवशी ठेवायची नाही. एक बाई म्हणाली, "तपासणीच्या खोलीला आतून कडी आहे का, ते आधी बघू द्या." सगळ्या जणी उठून खोली बघायला गेल्या. कडी नव्हती. नुसता पडदा होता. दुसऱ्या आठवड्यात कडी बसली.

संमतीपत्र मी नेहमी मोठ्याने वाचून बघते. आठ पानं वाचायला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागतो आणि तिसऱ्या पानाला मलाच कळेनासं होतं. मग जिला वाचता येत नाही, जिच्यासमोर कोणी दुसरं घाईघाईने वाचणार आहे, तिचं काय? म्हणून आता आम्ही पहिल्या पानावर पाच गोष्टी मागतो: तुमचं काय घेणार, किती दुखेल, किती वेळा यायचं, तुम्हाला काय मिळेल आणि काय मिळणार नाही, मधेच सोडायचं असेल तर काय करायचं. बाकीचं मागच्या पानांवर.

आणि नवऱ्याची किंवा सरपंचाची परवानगी. गावात शिरताना सरपंचाला विचारणं ठीक आहे, रीत म्हणून. पण त्याच्या होकाराने बाईचा होकार झाला असं कधीच धरायचं नाही. तत्त्वांत तसं स्पष्ट आहे, तरी प्रस्तावात दर वेळी तपासावं लागतं.

वैनगंगाकाठ

कडीचं वाचून अंगावर काटा आला. किती साधी गोष्ट, आणि किती बायका त्या एका कारणासाठी तपासणीला जात नसतील.

आशा_सातारा

मृण्मयीताई, तुम्ही बँकेतल्या म्हणून खात्याचं दिसलं. तसं आम्हाला घराघरातलं दिसतं. आमच्यापैकी कोणी त्या कमिटीवर बसू शकतं का?

मृण्मयी_के

आशाताई, ले मेंबरच्या जागेवर नाही, कारण तुम्ही आरोग्याच्या कामात आहात. पण अभ्यासापुरती वेगळी समुदाय सल्लागार समिती नेमता येते, आयसीएमआरच्या तत्त्वांत त्याचा उल्लेख आहे, आणि तिथे तुमच्यासारख्या जणी हव्यातच. पुढच्या वेळी कोणी "चाळीस घरं दाखवा" म्हणून फोन केला तर तीन गोष्टी विचारा: एथिक्स कमिटीची मंजुरी दाखवा, निकाल बायकांना कधी देणार ते लिहून द्या, आणि सल्लागार समिती आहे का, असेल तर मला त्यात घ्या. मंजुरीपत्रावर कमिटीचा संपर्क असतो. तक्रार करायची झाली तर थेट तिथे करता येते, संशोधकामार्फत जावं लागत नाही.

सई_नाशिक

आणि माझ्यासारख्या गृहिणीने काय करावं? बी.कॉम. आहे, दुपारी वेळ असतो.

डॉ_निशिगंधा

सई, तुम्ही ले मेंबरसाठी अगदी योग्य आहात. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा संशोधन करणाऱ्या मोठ्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांना पत्र पाठवा. कमिटीत निम्मे तरी सदस्य संस्थेबाहेरचे लागतात, त्यामुळे माणसं सतत शोधत असतात. प्रशिक्षण देतात. पहिल्या दोन-तीन बैठकांत शब्द डोक्यावरून जातील, तरी कळत नाही तिथे थांबवून विचारायचं. तुम्हाला कळलं नाही म्हणजे सहभागी बाईलाही कळणार नाही, हे धरून चाला.

सई_नाशिक

सोमवारी चौकशी करते. पत्राचा मसुदा इथे टाकला तर कोणी बघून द्याल का?

मृण्मयी_के

टाका, नक्की बघते. आशाताई, तुम्ही त्या तीन मुद्द्यांचा कागद करून तुमच्या गटप्रवर्तकांना दाखवा. इतर आशांनाही उपयोगी पडेल. हवा तर मी टाइप करून पाठवते.

आशा_सातारा

पाठवा ताई. गुरुवारी आमची पीएचसीला मीटिंग आहे, तिथंच सगळ्यांना देते.